हिरव्या पाण्याची बरणी

समजा, तुमच्या हातात काचेचा ग्लास आहे. तो तुम्ही तळ्यात बुडवून भरलाय आणि आता उजेडाकडे धरलाय. पाणी हिरवट दिसतंय ना? नाक मुरडू नका, प्यायला सांगत नाही. नुसतं बघा. त्या हिरव्यात पान नाही, देठ नाही, मूळ नाही. तरी झाडांचे फार जुने, फार दूरचे नातेवाईक त्यात राहतात. इतके बारीक, की सुईच्या टोकावर त्यांची अख्खी वाडी वसेल. ऊन आलं की ते कामाला लागतात आणि झाड करतं तेच करतात: उजेड खातात, स्वतःपुरतं अन्न शिजवतात आणि प्राणवायू पाण्यात सोडून देतात.

आता समजा, एके सकाळी तुम्ही तोच ग्लास भरलात आणि पाणी आरशासारखं नितळ निघालं. तुम्हाला आनंद होईल की नाही? या गोष्टीतल्या माणसांनाही झाला होता.

कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातल्या एका वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर शकुनआजी राहायच्या. त्यांचे वडील एस्प्लनेडच्या एका विमा कचेरीत नोकरीला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आजींचा जन्म इथलाच. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता गुडघे बोलत होते, लिफ्ट महिन्यातून निम्मे दिवस बंद असायची, आणि खरं सांगायचं तर आजी थकल्या होत्या. पायऱ्यांनी थकल्या होत्या, तशाच सांगण्यानेही. तीच गोष्ट किती जणांना समजावली आणि किती जणांनी मान डोलावून उलटंच केलं, याचा हिशेब त्यांनी सोडून दिला होता.

एक श्रोता मात्र उरला होता. चौथ्या मजल्यावरची जान्हवी. वय नऊ. आई मानसी आणि बाबा नाशिककडचे, पण पोर इथेच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत मधूनच हिंदी डोकावायची. वसाहतीच्या मध्यभागी तळं होतं. इथले लोक त्याला पुकुर म्हणायचे. त्यात रोहू, कटला असे मासे होते. शाळेतून आल्यावर घाटाच्या पायरीवर बसून जान्हवी त्यांना मुरमुरे टाकायची. उन्हाळ्यात आजींनी तिला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तळ्याचं पाणी भरायला लावलं होतं. ती बरणी आजींच्या खिडकीत असायची. भर दुपारी काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटायचे.

"हे काय आहे?" जान्हवीने पहिल्यांदा विचारलं होतं.

"तुझ्या माशांचा श्वास."

"मग मासे हवा खातात का?"

"हवा घेतात, आणि हे हिरवंही खातात. मासा तू खातेस. म्हणजे तू काय खातेस?"

जान्हवीने विचार केला. "ऊन?"

"ऊनच. खालच्या बसमध्ये डिझेल जळतं ना, तेही ऊनच आहे. फार पूर्वीच्या समुद्रातलं असलंच हिरवं मेलं, चिखलात गाडलं गेलं आणि दडपून दडपून त्याचं तेल झालं. आपण ते एका शतकात उडवून टाकतोय."

"आणि मग?"

"मग काही नाही. चहा टाक."

नऊ वर्षांच्या मुलीला गॅस पेटवायला द्यायचा नसतो, हे दोघींनाही माहीत होतं. ती त्यांची नेहमीची थट्टा होती. चहा आजीच टाकायच्या.

गणपती जवळ आले तसे जान्हवीचे बाबा, अविनाश, आजींकडे आले. सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरवर दिवस घालवणारा माणूस, पण मूळचा पिंपळगावच्या द्राक्षबागेतला. वसाहतीतली सात-आठ मराठी घरं मिळून गणपती बसवायची आणि तळ्यातच विसर्जन करायची. यंदा सगळी जबाबदारी अविनाशवर होती.

"आजी, तळं बघितलंत? नुसतं पालकाचं सूप. बाप्पाला काय त्यात बुडवायचं?"

"बाप्पा तक्रार करायचे नाहीत. मातीत जन्म, पाण्यात शेवट. त्यांना हिरव्याचं वावडं नाही."

"त्यांना नसेल, आमच्या बायकांना आहे. मागच्या वर्षी मानसीची पैठणी खराब झाली, ती अजून ऐकवते. मी म्हणतो, थोडं मोरचूद टाकू. आमच्याकडे बागेला मोरचूद-चुना मारतात. बुरशी साफ. लहानपणापासून बघतोय."

आजींनी चष्मा काढून पदराला पुसला. "अविनाश, वेलीवर फवारा मारतोस तो पानावर बसतो आणि वाळतो. चुना त्याची धार मारतो. तळ्यात टाकशील ते माशांच्या कल्ल्यांतून जाईल. आणि सगळं हिरवं एकदम मेलं तर ते कुजायला लागेल. कुजणंही श्वास घेतं. शिवाय हे असं भरलेलं आभाळ, ऊन नाही. टाकू नकोस. त्यापेक्षा निर्माल्य, भात, मुरमुरे टाकणं बंद करा. हिरवं वाढलंय ते आपण त्याला जेवू घालतोय म्हणून."

"ते पुढच्या वर्षी करू, आजी. आता वेळ कुठाय? आणि मी अगदी थोडंच टाकणार. हात बसलेला आहे माझा."

"हात वेलीवर बसलाय, तळ्यावर नाही."

अविनाश हसला, नमस्कार करून गेला. आजींनी आणखी वाद घातला नाही. दोन मजले खाली उतरून वसाहतीच्या कार्यालयात जावं, चार लोकांना सांगावं, असं मनात आलं. गुडघ्याने नको म्हटलं. पण गुडघ्याचंच काय, मनानेही नको म्हटलं.

रविवारी अविनाशने गोणपाटात मोरचुदाचे निळे खडे बांधले आणि दोरीने ती पोटली तळ्याभोवती पाण्यातून ओढत नेली. जान्हवी दोरीचं दुसरं टोक धरून बाबांच्या मागे चालत होती. निळा रंग पाण्यात धुरासारखा पसरत होता आणि तिला तो फार आवडला. वर खिडकीतून आजी बघत होत्या. पोरीने हात हलवला. आजींनीही हलवला.

दोनेक दिवसांत तळं नितळ झालं. घाटाच्या खालच्या पायऱ्या, तळातलं कुणाचं तरी स्टीलचं पातेलं, सगळं दिसू लागलं. बंगाली शेजारीसुद्धा गॅलरीत येऊन बघून गेले. अविनाशची पाठ थोपटली गेली. मानसीने पैठणी इस्त्रीला दिली. आभाळ मात्र भरलेलंच होतं, ना पाऊस ना ऊन, नुसता घाम.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता आजींची बेल वाजली. दारात जान्हवी, झोपेच्या कपड्यांत.

"आजी, मासे वर आले. सगळे. तोंड उघडून. ते बोलावतात का?"

आजींनी काठी घेतली. लिफ्ट बंद. एकेक पायरी उतरताना पोर पुढे जाई, मागे वळे, पुन्हा पुढे जाई. खाली तळ्याच्या कडेला गेटवरचा जयप्रकाश उभा होता.

"माताजी, साँस नहीं मिल रही इनको," तो म्हणाला.

तळ्याच्या वरच्या थरावर तोंडंच तोंडं होती. गोल, पांढुरकी, उघडमीट करणारी. काही मासे आधीच आडवे झाले होते. नितळ पाण्यात सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि तेच वाईट होतं.

"पाणी झोडप," आजी म्हणाल्या. "काठीने, बादलीने, कशानेही. हवा कालव त्यात. जान्हवी, बाबांना उठव. बागेचा पाइप सोडा, धार उंचावरून पडू दे."

जयप्रकाशने लाठी चालवली. अविनाश बनियनवरच धावत आला. पाइप लागला. हळूहळू आणखी लोक उतरले, कुणाच्या हातात मग, कुणाच्या हातात धान्य पाखडायचं सूप. पाणी उडत होतं, लोक भिजत होते, आणि एरवी एकमेकांशी लिफ्टवरून भांडणारी माणसं मुकाट्याने एका ओळीत उभी राहून तळं झोडपत होती. आजी बाकावर बसल्या. त्यांच्याने दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

दुपारपर्यंत काही मासे पुन्हा खाली गेले. पुष्कळ गेले नाहीत. अविनाश जाळीने मेलेले मासे काढून पोत्यात भरत होता. पोतं जड झालं तसा तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. अंगाला मासळीचा वास, डोळे खाली.

"बागेत असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला.

"बागेला वारा असतो."

"तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." आजींच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही थोडी ताकद लागते. "रात्री मासेही श्वास घेतात आणि हिरवंही. दिवसा हिरवं परतफेड करतं, म्हणून पहाटेपर्यंत कसंबसं पुरतं. यंदा परतफेड करणारंच कुणी उरलं नाही. उरलं ते कुजायला लागलं."

"जान्हवी माझ्याशी बोलत नाहीये."

"तिने दोरी धरली होती, अविनाश. ती तुझ्यावर रागावलेली नाही. स्वतःवर रागावलीय. लहान माणसाला ते जास्त जड जातं."

अविनाशने पोत्याचं तोंड बांधलं. बराच वेळ गाठ बसेना.

गणपतीचं विसर्जन मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात झालं. आरती नेहमीसारखी झाली, फक्त 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना कुणी तळ्याकडे बघितलं नाही. मानसी साध्या कॉटनच्या साडीत होती.

त्यानंतर बरेच दिवस जान्हवी आजींकडे आली नाही. तळं तसंच नितळ, रिकामं. आभाळ मात्र मोकळं झालं होतं, आणि दुपारचं ऊन पार तळातल्या पातेल्यापर्यंत जायचं, पण ते घेणारं तिथे कुणी नव्हतं. आजी खिडकीतली बरणी रोज थोडी फिरवायच्या, इतकंच. ती मात्र हिरवी होती. तिला कुणी स्वच्छ केलं नव्हतं.

मग एका दुपारी पोर आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"आजी, तळं मेलं का?"

आजी आयुष्यभर उत्तरं देत आल्या होत्या. पोरीला बरं वाटेल असं काहीतरी सांगणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला पण माहीत नाही?"

"नाही. मोरचूद हळूहळू चिखलात बसतं. किती बसलंय, किती पाण्यात आहे, ते नुसतं बघून सांगता येत नाही. पाणी अजून विषारी असेल तर त्यात हिरवं जगणार नाही. नसेल तर जगेल."

जान्हवीने बरणीकडे बघितलं. "ही सगळी ओतून टाकू? तळ्यात?"

"टाक की. आणि पाणी विषारी असलं तर?"

"मग ही पण मरेल." ती खिडकीपाशी गेली. बरणीच्या काचेला बोट लावून बुडबुड्यांपाशी थांबली. आजींनी काही सुचवलं नाही. शाळेत असताना इतका वेळ त्यांनी कुणाला थांबू दिलं नसतं, घंटा व्हायची. आता घंटा नव्हती.

"सगळी नाही," जान्हवी शेवटी म्हणाली. "चमच्याने. तळ्याचं पाणी मी ग्लासात आणते. त्यात एक चमचा हिरवं टाकायचं. ग्लास आणि बरणी एका जागी ठेवायची. बरणी हिरवी राहिली आणि ग्लास पांढरा झाला, तर..."

"तर?"

"तर ऊन वाईट नाही, पाणी वाईट आहे. अजून थांबायचं. परत आणायचं, परत बघायचं."

आजी खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या पाठीतलं दुखणं होतं तिथेच होतं. "स्वयंपाकघरात ग्लास आहेत," त्या म्हणाल्या. "काचेचा घे. धुतलास तर साबण राहू देऊ नकोस."

जान्हवी ग्लास घेऊन निघाली आणि दाराशी अडली. आई-बाबांनी ताकीद दिली होती: घाटाच्या खालच्या पायरीवर एकटीने जायचं नाही. त्या पायऱ्या निसरड्या. तिने आजींच्या काठीकडे बघितलं, गुडघ्यांकडे बघितलं आणि विचारलंच नाही. ती जिना चढून वर गेली.

वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. रविवार होता, अविनाश घरीच होता.

"बाबा," आजींना ऐकू आलं, "चल. मला खाली पाणी भरायचंय. माझा हात धरायला कुणीतरी पाहिजे."

मग जिन्यावर चपलांचे दोन आवाज, एक जड, एक हलका, आजींच्या दारावरून खाली गेले. आजी उठून खिडकीशी गेल्या. घाटाच्या खालच्या पायरीवर अविनाश वाकून उभा होता, मुलीचं मनगट घट्ट धरून, आणि ती पुढे झुकून ग्लास बुडवत होती.

दोघं वर आली. ग्लास इतका स्वच्छ होता, की त्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. जान्हवीने बरणीचं झाकण काढलं, चमचा आत घातला, भरलेला चमचा बाबांच्या हातात देऊ केला आणि मग विचार बदलून स्वतःच धरला. एक थेंबही न सांडता तिने ते हिरवं ग्लासात सोडलं. मग ग्लास बरणीला खेटून ठेवला, आजींच्या खिडकीचा पडदा पार कडेला सारला आणि उन्हात बसून राहिली.