गाडीवरची गोष्ट

चिन-थूच्या कानात एक वाक्य वर्षभर अडकून पडलं होतं.

मागच्या वर्षी शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला तो बायकोला गाडीवर मागे बसवून डोंगरात, लुगूच्या चहामळ्यांत राहणाऱ्या थोरल्या मेहुणीकडे गेला होता. दोघं दरवर्षीच जात. परतताना बी-युन त्याच्या कानाशी तोंड आणून ताईच्या शेजारणीच्या मुलीची गोष्ट सांगत होती. मुलीला बघायला पाहुणे आले होते. लग्न जमवणारी बाई मुलाचे गोडवे गात होती. मुलगा दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, सुपारी खात नाही, पत्त्यांना हात लावत नाही.

"आणि ती पोरगी सगळ्यांच्या देखत काय म्हणाली माहितेय? म्हणाली..."

तेवढ्यात पुलाआधीचं वळण आलं. वादळात वाहून गेलेल्या त्या रस्त्याला ठिगळांवर ठिगळं लावलेली होती. गाडीचं बूड खाली गेलं आणि धाडकन आपटलं. बी-युन "आई गं!" म्हणून जी गप्प झाली ती थेट चुशानला, घराच्या दारात उतरेपर्यंत. उतरल्यावर पाठ धरून ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी बसनं जाणार. तुम्ही या मागून, तुमच्या या घोडीवर."

पुढे एकदा जेवताना चिन-थूनं धीर करून विचारलं होतं, "ती पोरगी काय म्हणाली गं शेवटी?"

"कुठली पोरगी?"

"ती, बघायला आले होते ती."

"माझी पाठ मोडली आणि तुम्हाला गोष्ट हवी! ती घरात सांगायची नाही. गाडीवरची आहे ती."

हे मात्र खरं होतं. घरात बी-युन टीव्हीशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, मांजराशीही बोलायची. चिन-थूच्या वाट्याला "जेवायला या" आणि "पंखा बंद करा" एवढंच यायचं. तोही बोलका नव्हता. बांबूच्या टोपल्यांच्या कारखान्यात सारी उमर गेली, आणि बांबूला उत्तर द्यावं लागत नाही. पण गाडीवर बसलं की बी-युनला वाचा फुटायची. वारा, इंजिनाची घरघर आणि कानात तिचा आवाज. ती बसनं जाऊ लागली, तर हे संपलंच. तिला बसमध्ये शेजारी कुणीही मिळालं असतं. त्याचं काय?

म्हणून सण जवळ येताच तो अ-लुआनच्या गॅरेजात गेला. अ-लुआन पन्नाशीची, धिप्पाड. बापाचं गॅरेज तिनं चालवायला घेतलं त्याला बरीच वर्षं झाली होती. हातापेक्षा तिचं तोंड जास्त चालतं, असं गल्ली म्हणे, पण गाड्या तिच्याकडेच नेई.

"काका, शॉकअप ठीक आहेत तुमचे," ती वाकून म्हणाली. "बुडाशी ही खाचांची कडी दिसतेय ना? ही फिरवली की स्प्रिंग आवळते. गाडी घेतल्यापासून हात तरी लावलाय का कुणी हिला? हलक्या माणसाला पहिली खाच, जड माणसाला पाचवी. तुमचं वजन?"

चिन-थूनं सांगितलं.

"आणि काकूंचं?"

चिन-थूनं छताकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. "अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

अ-लुआननं एक भुवई वर केली, पण वाकडा पाना लावून कडी पहिल्या खाचेत आणली.

संध्याकाळी बायकोला देवळापर्यंत नेऊन आणायला म्हणून तो निघाला. पहिल्याच गतिरोधकावर धाडकन आवाज झाला.

"ही गाडी आहे की खलबत्ता?" मागून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गॅरेजात हजर झाला. वजनाचा विषय टाळून म्हणाला, "शेवटच्याच खाचेत टाकून दे." संध्याकाळी पुन्हा देवळाची फेरी झाली. आता गाडी आपटत नव्हती, पण रस्त्यावर काडेपेटी पडली असती तरी कळली असती.

"थांबवा!" बी-युन म्हणाली. "घरी जाऊन दात मोजते. एखादा कमी भरला तर तुमच्या अ-लुआनकडून वसूल करा."

तिसऱ्या खेपेला अ-लुआननं कमरेवर हात ठेवले. "काका, तुम्ही वैद्याकडे जाऊन दुसऱ्याचीच नाडी दाखवताय. काकूंना घेऊन या. दोघांनी गाडीवर बसायचं, गाडी किती खाली बसते ते मी टेपनं मोजणार. मोजल्याशिवाय आता पाना उचलणार नाही."

घरी हे सांगायला चिन-थूला दोन कप चहा लागला.

"भर रस्त्यात तोलणार मला?" बी-युन कडाडली. "मी काय बाजारातलं डुक्कर आहे? समोर तो शेवयांवाला, त्याच्याकडे निम्मं गाव जेवायला येतं!"

"तुला नाही, गाडीला मोजणार."

"म्हणे गाडीला! बसमध्ये हे काही नसतं. तिकीट घ्यायचं आणि बसायचं. रेडिओसुद्धा असतो."

चिन-थू बराच वेळ कप फिरवत राहिला. मग कपालाच सांगावं तसं म्हणाला, "माझ्या गाडीला रेडिओ नाही. तू असतेस."

बी-युननं टीव्हीचा आवाज वाढवला. पण सकाळी ती निळा, ठेवणीतला ब्लाउज घालून दारात उभी होती. "चला. तोलून टाका एकदाचं."

अ-लुआननं आधी रिकामी गाडी मोजली, मग दोघांना बसवलं. मागच्या चाकाच्या आसापासून वर टेप धरली, कडी फिरवली, पुन्हा मोजलं. समोरच्या शेवयांवाल्यानं झारा हातात धरून ओरडून विचारलं, "किती भरलं?"

"तुझ्या उधारीपेक्षा कमी!" अ-लुआननं परतवलं. मग ती बी-युनकडे वळली. "काकू, तिसरी खाच. गाडीनं थोडं बसायला हवं. पाहुणा खुर्चीत टेकतो, तेवढंच. बसलीच नाही तर उडवते, फार बसली तर आपटते. काका मात्र तुम्हाला अठ्ठेचाळीसच्या म्हणत होते!"

"अठ्ठेचाळीस?" बी-युननं मान पुढे काढून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, ते लग्नातलं वजन! बाबांनी बांबूचे कोंब तोलायच्या तराजूत बसवून बघितलं होतं."

"मला तेवढंच माहीत आहे," चिन-थू पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. बी-युन "म्हातारं माकड!" म्हणाली, पण गाडीवरून उतरली नाही.

अ-लुआनच्या मनात मात्र काहीतरी खुटखुटत होतं. "ही कडी गाडी घेतल्यापासून दुसरीत होती. एका खाचेनं इतका फरक पडायचा नाही. गेल्या वर्षी आपटली म्हणताय, ती जाताना की येताना?"

"येताना," दोघं एकदम म्हणाली.

"मांडीवर काय होतं, काकू?"

"काही नाही गं. आपलं नेहमीचं. ताईनं दिलेला चहा. आलं. एक लाल भोपळा."

"एक?"

"दोन. आणि खारवलेल्या मुळ्याची बरणी. दगडी."

अ-लुआन हसत हसत जवळ पडलेल्या एका जुन्या टायरवरच बसली. "आणि जाताना?"

"जाताना काय, चार पपनसं आणि सणाचे केक. रिकाम्या हातानं जायचं का कुणाकडे?"

"मग तुमच्या ताईलाच इथं बसवून मोजायला हवं!" अ-लुआननं डोळे पुसले आणि तो वाकडा पाना चिन-थूच्या हातात ठेवला. "काका, वर जाताना तिसरी. निघताना सगळं सामान गाडीवर ठेवायचं आणि पाचवी. पाचवीच्या पुढे खाच नाही, हे ध्यानात ठेवा. आणि पाना परत आणा, तो बाबांचा आहे."

सणाच्या दिवशी वर जाताना गाडी लोण्यासारखी गेली. बी-युन वाटभर बोलली. पपनसांचे भाव, मांजराचे नखरे, शेजारणीची सून. पण ती गोष्ट तिनं काढली नाही. चिन-थूनंही विचारलं नाही. पुलाआधीची ठिगळं जड गाडीनं उतरायची अजून बाकी होती. यंदाही तिची पाठ दुखावली, तर ती पुन्हा मागे बसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

जेवणं झाली, चहा झाला, आणि ताई घरातून एकेक वस्तू काढू लागल्या. चिन-थू अंगणात गुडघ्यांवर बसून पाना लावत होता.

"भावोजी, गाडी बिघडली की काय?"

"नाही, ताई. तुमचा पाहुणचार मोजतोय." एवढं बोलून तोच घाबरला.

ताई खो खो हसल्या. चहा आला, आलं आलं, भोपळे आले. चौथी खाच झाली, पाचवी झाली. मग ताई खारवलेल्या मुळ्याची मोठी बरणी पोटाशी धरून आल्या. मागच्या वर्षीच्या बरणीची थोरली बहीणच ती.

नको म्हणायची पद्धत नव्हती. बी-युननं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पान्याकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "पाचवीच्या पुढे खाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ही बरणी बसली, तर तुमची बहीण पुढच्या वर्षी बसनं येईल. एकटी."

ताईंनी बहिणीकडे बघितलं. बहीण उगाच भोपळ्यांची गाठ आवळत होती. ताईंनी बरणी उंबऱ्यावर ठेवली. "मग राहू दे. पुढच्या वर्षी आणखी मुरेल. दोघं मिळून या आणि घेऊन जा."

उतारावर बी-युन बोलत होती. ताईचं सांधेदुखीचं तेल, भाचीची परीक्षा. मग तिनं सूर बदलला आणि तोंड त्याच्या कानाशी आणलं. "तर ती पोरगी..."

समोर पुलाआधीचं वळण दिसत होतं. चिन-थूनं वेग कमी केला आणि दात आवळले. ठिगळं आली. गाडीचं बूड जरासं खाली टेकलं, तसंच अलगद वर आलं, आणि पुढच्या ठिगळावर पुन्हा टेकलं.

"...म्हणाली, दारू नाही, सिगारेट नाही, सुपारी नाही, पत्ते नाहीत. मग आमच्या मळ्यातला चहा तरी पितो का, का नुसताच बसून राहतो?"

तिनं वाक्य मध्ये तोडलंही नव्हतं.

चिन-थू हसू लागला. वर्षभराचं साचलेलं हसू होतं ते, लवकर आटपेना.

"अहो, गाडी हलतेय!" बी-युन त्याच्या कमरेला घट्ट धरून ओरडली.

"गाडी नाही गं, मी हलतोय. पुढे काय झालं? जमलं का लग्न?"

"सांगते. आधी समोर बघा!"