बारा ते चार बंद

सानपाड्याच्या आमच्या सेक्टरातली बाग सुधारली आणि माझ्या नवऱ्याची झोप उडाली. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, शालनताई, बाग सुधारली तर उलट झोप चांगली लागायला हवी. हसा बापडे.

हौसेराव म्हणजे आमचे मालक. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, पण लिहिताना काही बिघडत नाही. साताऱ्याकडून अगदी कोवळ्या वयात आले आणि एपीएमसीत भाजीच्या मार्केटात माथाडी म्हणून गोण्या उचलायला लागले. आता टोळीचे मुकादम आहेत, म्हणजे होते. मुकादम म्हणजे काही साहेब नव्हे. तो टोळीतलाच माणूस, पण कुठल्या गाडीला कोण लागणार, आज कुणाची पाठ धरलीय, व्यापाऱ्याशी काय बोलायचं, हे सगळं तो बघतो. हौसेरावांचे गुडघे गेले तेव्हा टोळीनेच ठरवलं, की तुम्ही उभं राहून काम बघा, ओझं आम्ही वाहतो. म्हणून या वयातही ते कामावर टिकून होते.

भाजीच्या गाड्या रात्री लागतात. तुम्ही-आम्ही झोपतो तेव्हा ह्यांची धावपळ सुरू होते आणि लोक जेवायला बसतात तेव्हा हे घरी येतात. मग झोपायचं ते दुपारीच. पण कुठे? आमची एक खोली, त्यात मी पोळी-भाजीचे डबे करते. त्यात शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हापासून दिवसभर फोडाफोडीचा ब्रेकर चालतो, फळीवरची भांडी नाचतात. टोळीतल्या बाकीच्यांचं तर विचारूच नका, दहा-दहा माणसं एका खोलीत. म्हणून सगळी टोळी वर्षानुवर्षं दुपारी बागेत झोपायची. अंगाखाली चादर, उशाला टॉवेल आणि वर रेन ट्रीची गार सावली. तशी बाग कसली, गवताचा पत्ता नाही, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, कोपऱ्यात कचरा. पण झोप लागायची, आणि आम्हाला बागेकडून दुसरं काय हवं होतं?

मग दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या टॉवरमधल्या प्राची मॅडमनी बाग मनावर घेतली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, बोलायला गोड, कामाला वाघीण. आसपासच्या सोसायट्यांना घेऊन त्यांनी समिती काढली आणि महापालिकेकडे खेटे घालून बाग दत्तक घेतली. बांधकाम पालिकेने करायचं, देखभाल समितीने बघायची, अशी भागीदारी. मी त्यांना नावं ठेवणार नाही. एका रविवारी मार्केट बंद असताना त्या स्वतः बागेत आल्या, टोळीसमोर सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, ही बाग तुमचीपण आहे. तुम्हाला काय हवंय ते सांगा ना."

आजवर ह्या माणसांना असं कुणी विचारलं नव्हतं. टोळी हौसेरावांकडे बघायला लागली. टोळीत एकच तोंड बोलतं, बाकीचे ऐकतात. मुकादम व्यापाऱ्याला एकदा 'मान्य' म्हणाला की ते अख्ख्या टोळीचं म्हणणं. त्यावर कुणी कुरकुर करायची नाही, मग नुकसान होवो नाहीतर काही होवो. ह्याच एका गोष्टीवर टोळी चालते, असं हौसेराव मला नेहमी सांगतात.

तेव्हा दुपारी बागेत दारुडे यायचे. झोपलेल्या माणसाच्या उशाखालचा मोबाइल काढून न्यायचे. हौसेराव म्हणाले, "मॅडम, चांगलं दांडगं गेट घाला आन् एक वॉचमन ठेवा. एवढं झालं तरी लई झालं."

"डन," मॅडम म्हणाल्या. "मग नियम काय ते समिती ठरवेल. चालेल ना?"

"तुमी ठरवाल ते आमच्या टोळीला मान्य."

मीही तिथेच होते, चहाची किटली घेऊन. मला काय कल्पना! मलाही तेव्हा कौतुकच वाटलं.

काम सुरू झालं तेव्हा टोळीने जीव ओतला. मातीच्या गोण्या आत नेल्या, पेव्हर ब्लॉक रचून दिले, सगळं सुट्टीच्या दिवशी आणि कुणी न सांगता. गेट आलं ते इतकं मोठं, की पार्क केलेल्या गाड्यांमुळे टेम्पो गल्लीत शिरेना. क्रेन यायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी सगळी टोळी त्याच्याखाली शिरली, हौसेरावांनी आवाज दिला आणि ते गेट वरातीसारखं गल्लीतून आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मॅडमनी व्हिडिओ काढला. ह्यांचा ऊर असा भरून आला होता की घरी येऊन नीट जेवलेही नाहीत.

आठवड्याभराने गेटवर बोर्ड लागला. सकाळी पाच ते दुपारी बारा, संध्याकाळी चार ते रात्री नऊ. मधल्या वेळात बंद, झाडांना पाणी आणि साफसफाई.

पहिल्या दिवशी टोळी चादरी खांद्यावर टाकून गेटसमोर उभी राहिली. वॉचमन भगवान, परभणीकडचा, स्वभावाने गरीब. तो बिचारा रडकुंडीला आला. "मामा, मी सोडलं असतं हो. पण कॅमेरा हाय. मॅडमच्या मोबाइलवर दिसतंय सगळं. बारा वाजले की कुलपाचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो मला."

हौसेराव बोर्डाकडे बघत राहिले. मग टोळीला म्हणाले, "चला."

आणि चलाच! एक अक्षर पुढे नाही. मी घरी डोकं आपटलं, की अहो, जाऊन सांगा तरी त्यांना. बाई काही वाईट नाही. तिला ठाऊकच नसेल तुम्ही दुपारी झोपता ते. तर हे म्हणतात, "शबूद दिलाय आपुन. आता कुठल्या तोंडानं जायाचं?"

मग ही माणसं फूटपाथवर झोपायला लागली. ऊन सरकेल तसं सरकायचं. त्यावर कुणीतरी तक्रार केली, बागेबाहेर कसं दिसतं म्हणून. मग दुपारी बागेचा पाइप बाहेर काढून फूटपाथ धुवायला लागले. स्वच्छता चांगलीच हो, पण ओल्या फरशीवर माणूस झोपणार कसा? टोळी पांगली. कुणी पुलाखाली, कुणी गाळ्याच्या मागे बारदानावर. हे घरी यायला लागले. कानात कापूस घालायचे, टॉवेलाने डोकं गच्च बांधायचे आणि ब्रेकर सुरू झाला की छताकडे बघत पडायचे. डोळे असे लाल व्हायचे, की लोकांना वाटावं प्यायलेत.

मीच उठले. मालकांना न सांगता पहिल्यांदा माजी नगरसेवकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, मी माजी. माझ्या हातात आता काय आहे? वॉर्ड ऑफिसला जा." वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "वेळा समितीच्या विनंतीवरून ठरल्यात," ते म्हणाले, "समितीने बदल सुचवला तर आम्ही लगेच करू." मग मी प्राची मॅडमकडे. त्यांनी माझे हात हातात घेतले. खरंच वाईट वाटलं त्यांना, डोळ्यांत दिसत होतं. पण म्हणाल्या, "शालनताई, बारा ते चार पालिकेच्या सगळ्याच गार्डन्सना असतं. आम्ही एकट्या कशा बदलणार? आणि काका तर काही बोलले नाहीत कधी."

म्हणजे पालिका समितीकडे बोट दाखवते, समिती पालिकेकडे, आणि आमचे मालक बोटच उचलत नाहीत. मी भांडायला पदर खोचून निघाले होते, पण भांडायला समोर कुणी नको का? जो तो आपला चांगलाच.

त्यानंतर मार्केटात तो प्रकार झाला. पहाटे गाडी लावताना हौसेराव मागे उभे होते, ड्रायव्हरला हात दाखवत. उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला. गाडी मागे येत राहिली. टोळीतल्या उदयसिंहने कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. मला हे त्यांनी सांगितलं नाही, उदयसिंह सांगून गेला. "काकी," तो म्हणाला, "मुकादमांस्नी झोप पायजे. न्हाईतर एक दिस काय खरं न्हाई." त्या दिवसापासून रात्री ते दाराबाहेर पडले की मी जागीच राहायचे. दुपारी त्यांची चप्पल दारात वाजेपर्यंत माझे कान तिकडेच असायचे.

अशात बागेला बक्षीस मिळालं. लोकसहभागातून सुधारलेलं उद्यान म्हणून. संध्याकाळी बागेतच कार्यक्रम ठेवला. टोळीला खास बोलावणं होतं. मांडव, माईक, पालिकेचे मोठे साहेब, पुढच्या रांगेत प्राची मॅडम. भाषणं सुरू झाली आणि आमचे मालक खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागले. त्याच बागेत, कित्येक महिन्यांनी. मला उठवावंसंही वाटेना.

पण शाल-श्रीफळ घ्यायला नाव पुकारलं, मी कोपराने ढोसलं. ते स्टेजवर गेले. पडद्यावर तो गेट वाहून आणल्याचा व्हिडिओ लावला, टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून माईक पुढे केला. "बोला मुकादम, बागेत अजून काही हवंय का तुम्हाला? आज मागा, नाही म्हणणार नाही."

देवा, मी मनात म्हटलं, आता तरी तोंड उघडू दे ह्यांचं. मागायची पण गरज नव्हती, समोरून ताट वाढून आलं होतं. हौसेरावांनी खाली बसलेल्या टोळीकडे बघितलं. मग म्हणाले, "समदं ब्येस झालंय. आमाला काय नको."

पुन्हा टाळ्या.

मी कधी उठले मला कळलं नाही. "खोटं बोलतायत ते!" मी ओरडले. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार माझा आवाज. "दुपारी गेट उघडं ठेवा साहेब. ही माणसं रातभर तुमची भाजी उचलतात, त्यांना झोपायला जागा न्हाई. माझा नवरा गाडीखाली जायचा वाचलाय."

साहेबांनी मान हलवली, म्हणाले, चांगली सूचना आहे, समितीने जरूर विचार करावा. प्राची मॅडम खाली बघत होत्या. मी मात्र हौसेरावांकडे बघत होते. त्यांचं तोंड असं झालं होतं, जशी मी त्यांना चारचौघांत थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी मार्केटात त्यांनी टोळीला गोल करून बसवलं आणि सांगितलं, माझा शब्द माझ्याच घरात मोडला, मी मुकादम राहू शकत नाही. लोकांनी पुष्कळ समजावलं. ह्यांनी ऐकलं नाही. मुकादमकी उदयसिंहकडे गेली.

मी उदयसिंहच्या हातापाया पडले. म्हटलं, त्यांना परत कर रे मुकादम. तो माझ्याच पाया पडला. "काकी, तुमी बोललात त्ये बराबर हुतं. पर टोळीत असं माघारी घेता येत न्हाई. त्येच घेनार न्हाईत."

समितीने माझ्या सूचनेचा विचार केला, हेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. मीटिंग झाली, ठराव झाला, पालिकेने महिन्याभरात मंजूरही केला. दुपारी बाग उघडी असते आता, साठ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी, ओळखपत्र दाखवून. प्राची मॅडम स्वतः पेढे घेऊन सांगायला आल्या. मी तोंडात पेढा धरून उभी राहिले. बाई, टोळीत साठीचा एक माणूस नाही. साठी झालेला हमाल सानपाड्यात राहत नाही, त्याचं अंग संपतं आणि तो गावी जातो. हे मी त्यांना सांगितलं. त्या दारातच खाली बसल्या, म्हणाल्या, "आता समितीत हा विषय परत कसा काढू मी?" मला त्यांचीच दया आली.

मी बोलले ते चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण हौसेराव आता पुन्हा गोण्या उचलतात, त्या गुडघ्यांवर. उदयसिंह कोथिंबिरीची हलकी गाडी द्यायला बघतो, तर हे मुद्दाम कोबी-दुधीच्या जड गाडीला लागतात. दुपारी येतात तेव्हा मानेवरची कातडी सोललेली असते. मी हळद-तेल लावते, ते लावू देतात. रागावलेले नाहीत, हेच मला सहन होत नाही.

परवा ब्रेकर सुरू होता आणि ते माझ्या मांडीला टेकून पडले होते. काय सुचलं कुणास ठाऊक, मी दोन्ही तळहात त्यांच्या कानांवर घट्ट दाबून धरले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. झोपले. तेव्हापासून मी रोज तशीच बसते, भिंतीला पाठ लावून. हाताला मुंग्या येतात, संध्याकाळच्या डब्यांची कणीक मळायची राहते, गिऱ्हाईकं तुटायला लागलीत. हात जरा सैल सोडला की ते जागे होतात.