पालीची माती

कमळाने शेवटचं पोतं गच्चीवर पालथं केलं आणि हाताने ढेकळं फोडू लागली. माती तिच्या माहेरची, पालीच्या खाचरातली. भावाने टेंपोत घालून पाठवलेली.

गच्चीच्या मधोमध चिऱ्यांचा हातभर उंच बांध होता. दोघा भावांनी एकाला एक लागून घरं बांधली, तेव्हाच तो घातलेला. पलीकडच्या अर्ध्या भागात धाकटी जाऊ दर्शना वाकून तण उपटत होती.

"वयनी, ही भाताची माती," ती म्हणाली. "पाणी धरून ठेवील. खाली जाळी आनि चिऱ्याची खर, बारीक खडी घाला, पाणी निचरंल. माझ्याकडे उरलीय."

"माझ्या माहेरच्या मातीत पन तुला खोट दिसली?"

"तसं नाय हो."

"मग गप ऱ्हा."

गेल्या वर्षी पालिकेचा इंजिनियर आला होता. वरच्या आळीतल्या गच्च्यांवर गवत केलं तर पाऊस तिथंच मुरेल, खालच्या गल्लीत पाणी भरणार नाही, असं तो सांगत होता. पण तो आधी दर्शनाच्या दारात गेला आणि तिचा चहा पिऊन मग कमळाकडे आला. कमळाने त्याला उभ्या उभ्याच नाही म्हणून सांगितलं.

दर्शनाने खरीवर चार बोटं माती पसरून सड्यावरचं, वरच्या कातळमाळावरचं गवत लावलं. त्या पावसाळ्यात पाणी खालच्या गल्लीतल्या मासूमाचा उंबरा चढलं नाही.

मासूमा लग्न होऊन गल्लीत आली तेव्हापासून दुपारची कमळाच्या पडवीत येऊन बसे. अजूनही येई, पण आधी दर्शनाच्या जिन्याने वर जाऊन येई.

"काय हिरवं झालंय गो!" असं म्हणत ती सूप पुढ्यात ओढायची. एकदा ती असं म्हणाली तेव्हा कमळाने डाळीतून वेचलेले खडे परत डाळीत टाकले.

म्हणून यंदा माती वीतभर जाड घालायची होती. मासूमाने वर चढावं ते कमळाच्या जिन्याने.

आषाढात पावसाने ठाण मांडलं. मातीचा लगदा झाला, त्याने गच्चीच्या पन्हळीचं तोंड बुजलं, वर तळं साचलं आणि खाली घरात खाटेवर थेंब पडू लागले. कमळाने खाट सरकवली, टोप ठेवला आणि दार ओढून घेतलं.

दर्शना घावणे घेऊन आली. कमळाने ताटली दारातच घेतली. आत टोपात टप् टप् वाजत होतं. कमळा मोठ्याने खोकली. दर्शना तिच्या खांद्यावरून आत बघून परतली.

थोड्या वेळाने छतावर घाव बसू लागले. आता सगळंच खाली येतं की काय, म्हणून कमळा धावत जिना चढली.

डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन दर्शना पहारीने बांध फोडत होती. एक चिरा निसटला आणि कमळाकडचं तांबडं पाणी धो धो पलीकडे, दर्शनाच्या मोकळ्या पन्हळीकडे शिरलं. दर्शनाचं गवत आधी आडवं झालं, मग चिखलाखाली दिसेनासं झालं. तिने एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा पहार मारली.

"अगो, तुझं गवत!"

"तुमचा स्लॅब बसंल, वयनी. गवत काय, सड्यावर पायजे तेवढं हाय."

कमळा जिन्याच्या तोंडाशी भिजत उभी राहिली. दर्शनाच्या पायांभोवती चिखल चढत होता. हेसुद्धा हिलाच आधी सुचायचं होतं.

ती खाली गेली, कुदळ घेऊन आली आणि पदर खोचून आपल्या बाजूचा चिरा उकरू लागली. दर्शनापेक्षा जोरात.

खालून गल्लीतून मासूमाची हाक आली.

"दर्शना, वर तू काय गो? येवढ्या पावसात?"

दर्शनाने तोंड उघडलं.

"दोघी हाव!" कमळा तिच्याआधी ओरडली.