मंत्री म्हणतात, मी चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे, आणि माझा स्वभाव तापट आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. मी बोरगावपलीकडच्या एका बौद्ध वस्तीत उभा आहे. गाव मध्य प्रदेशातल्या सौसर तहसीलीतलं, म्हणून माझा कारभार भोपाळहून चालतो. माझ्याबद्दलची खोटी उत्तरंही तिथूनच येतात.

मी आलो तेव्हा मात्र मोठं कौतुक झालं. वस्तीनं पंचशील म्हटलं आणि पंचफुलाबाईंनी माझा दांडा पहिल्यांदा हलवला. त्यांचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरला तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला कळलं नाही. माझ्या आधी वस्तीला पाणी मिळायचं ते पुंडलिकरावांच्या विहिरीवरचं. संत्र्याच्या बगिच्याचे मालक ते. बायांनी विहिरीला हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं, आणि त्यांचा गडी वरून ओतेल तेवढं झेलायचं. शिवाय अट होती: "पाणी पायजे त आधी माह्या बगिच्यात कामाले या." दुसरीकडे चांगली मजुरी असली तरी जाता येत नसे. मी आलो आणि ही गुलामी सुटली. काही वर्षं मी छाती पुढे काढून राबलो.

मग एका उन्हाळ्यात माझी साखळी तुटली. दांडा आणि आतली सळई यांना जोडणारी एवढीशी वस्तू, पण ती नसली की मी नुसता लोखंडाचा ठोकळा. पाणीपुरवठा खात्याचा मेकॅनिक कवडू आला आणि तुटके तुकडे घेऊन गेला. नवी साखळी आणली नाही. बाया पुन्हा बगिच्याच्या वाटेला लागल्या. पुंडलिकराव गालात हसले म्हणे. मी तिथे असतो तर दांडाच घातला असता त्यांच्या डोक्यात.

वस्तीतले मनोहर नगरपालिकेत नोकरीला होते. त्यांनी विरोधी पक्षाच्या आमदाराला गाठलं, आणि आमदारांनी विधानसभेत लेखी प्रश्न टाकला: हा हातपंप बंद आहे, हे खरं आहे काय? असल्यास कधीपासून, आणि कोण जबाबदार? मी म्हटलं, आता बघा गंमत!

गंमत खरोखरच झाली. उत्तराची तारीख जवळ आली तशी जीप आली. खात्याचे उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनीयर साहेब उतरले, मागून कवडू साखळी घेऊन उतरला. साखळी बसली, पाणी आलं, वस्ती आनंदली.

"पानी आ रहा है ना?" साहेबांनी विचारलं.

"येऊन राहिलं ना साहेब," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"तो अंगूठा लगाओ."

त्यांनी साहेबांच्या कागदावर अंगठा दिला. जीप गेली, आणि दोन दिवसांनी कवडू येऊन साखळी काढायला लागला.

"हे काय करून राहिला बे?" देवकाबाई ओरडल्या. त्या पंचफुलाबाईंच्या शेजारीण, आणि वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज.

"दुसऱ्या गावचा बी प्रश्न लागला हाय, बाई. साखळी एकच हाय. जिथला प्रश्न, तिथं साखळी."

मंत्र्यांचं उत्तर मनोहरनी माझ्या ओट्यावर उभं राहून वाचलं. "जी नहीं. शेष प्रश्न उपस्थित नहीं होता." पंप बंद नाही, म्हणून कधीपासून आणि कोणामुळे हे विचारायचं कारण नाही. पंचफुलाबाईंनी शांतपणे विचारलं, "मंग मी गुंड घेऊन कोणाच्या विहिरीवर जाऊन राहिलो?"

पुढच्या अधिवेशनात मनोहरनी पुन्हा प्रश्न टाकायला लावला. पुन्हा जीप, पुन्हा साखळी, पुन्हा अंगठा. पण आता बाया शहाण्या झाल्या होत्या. कवडू साखळी काढायला आला तर सगळ्या ओट्यावर मांडी ठोकून बसलेल्या.

"हात लावून पाह्य!" देवकाबाई म्हणाल्या.

कवडू रडकुंडीला आला. "तिकडचं उत्तर परवा द्यायचं हाय. लोक तिथं नाल्यातलं पानी पिऊन राहिले."

"कोणतं गाव?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

त्यानं गावाचं नाव सांगितलं. पंचफुलाबाईंची लेक यमुना तिथंच दिली होती, आणि तिला सहावा महिना होता.

पंचफुलाबाई उठल्या. "काढ," म्हणाल्या. "पण मी बी येतो तुह्यासंग. साखळी तिथं बसली का मी तिथंच बसतो. माघारी न्यायची नाही."

"लेकीसाठी वस्ती इकली इनं!" देवकाबाई किंचाळल्या. पंचफुलाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगतो मित्रांनो, त्या दिवशी मीही त्यांना शिव्या दिल्या.

त्यांनी शब्द पाळला. साखळी तिथेच राहिली, यमुनेच्या गावाला पाणी मिळालं. तिथल्या बायांना राखणीला बसवून पंचफुलाबाई परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बगिच्याकडे निघाल्या. पाणी झेलायला त्या लांब उभ्या राहत, आणि देवकाबाई त्यांच्यापासून आणखी लांब. वस्तीत दोन तट पडले. मनोहर तक्रारीचा कागद घेऊन दारोदार फिरले. या तटाच्या बाया म्हणत, "ती सही करन त मी करत नाही." त्या तटाच्या म्हणत, "तिचा अंगठा असन त माहा नाही." कागदावर एकही सही झाली नाही.

आमदारांनी तिसऱ्यांदा विचारलं. या खेपेला जीपही आली नाही, आणि मंत्र्यांनी तिसऱ्यांदा लेखी उत्तर दिलं: पंप चालू आहे, त्या वस्तीतून पाण्याबाबत एकही तक्रार आलेली नाही. त्या उत्तरातला दुसरा अर्धा भाग खरा होता. एका साखळीवर दोन गावं जगवणाऱ्यांना कोणी काही म्हटलं नाही. दोन बायाच एकमेकींच्या वैरी झाल्या.

मित्रांनो, मला रंग लावा, माझा ओटा धुवा, असलं काही मी मागत नाही. तुमच्यातला कोणी मोठेपणी मंत्री झाला, तर माझ्याबद्दल उत्तर लिहिण्याआधी त्यानं इथं यावं आणि स्वतः माझा दांडा हलवावा. पाणी आलं नाही, तर तसाच तहानलेला बगिच्याच्या विहिरीवर जावं, बायांच्या रांगेत लांब उभं राहावं, आणि गडी वरून ओतेल तेवढं ओंजळीत झेलून प्यावं. मग लिहावं.