मौनातला पांढरा ठिपका

सकाळी मी बोलत नाही. आंघोळ करून देवासमोर बसले की जप पुरा होईपर्यंत तोंड मिटलेलं. मुलगा शाळेत जायचा तेव्हापासूनचं हे व्रत. सून नवी होती तेव्हा बिचकायची. आता म्हणते, "आईंशी भांडायचं तर सकाळीच, उलट उत्तर येत नाही." ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. बोलायला फटकळ, पण जीव लावणारी.

मौनात तोंड गप्प राहतं, डोकं कुठे राहतं? एकीकडे नाम, दुसरीकडे दूध, पाहुणे, गुडघा. रोज माझं एकच मागणं असायचं, हे आतलं बोलणं एकदा तरी थांबू दे.

एका सकाळी ते थांबलं.

नाम अर्ध्यावर राहिलं आणि पुढे काही आलंच नाही. समोर दिवा होता, पण त्याला दिवा म्हणतात हेही मनात येईना. तो नुसता होता. मीही नुसती होते. बोटांतून माळ निसटून मांडीवर पडली, तेही मी लांबून बघावं तसं बघितलं. डोळे भरून आले. देवानं ऐकलं, असं वाटलं. हे आता शब्दांत सांगतेय; तेव्हा शब्दच नव्हते.

सून चहा ठेवून गेली. मी बोलले नाही यात तिला नवल वाटायचं कारणच नव्हतं. कप उचलायला परत आली तेव्हा चहा तसाच, गार.

"आज देवाशी गप्पा फारच रंगल्यात, आई."

मी हसले. तिचं हसू मात्र मावळलं. माझं अर्धंच तोंड हसलं होतं, हे तिनं नंतर सांगितलं.

"काहीतरी बोला. व्रत मोडू दे, पाप माझ्या माथी."

मला म्हणायचं होतं, काही नाही गं. तोंडातून आलं, "खिडकी."

तिनं माझ्या मुलाला हाक मारली आणि दोघांनी मला गाडीत घातलं. वाटेतच जीभ सुटली. दवाखान्याच्या दारात तर मी म्हणाले, "चला परत, उगीच गाजावाजा."

"आलोच आहोत तर डोकं दाखवून जाऊ," सून म्हणाली. "आत काही आहे का, तेही कळेल."

मेंदूच्या डॉक्टर माझ्या सुनेच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "नेमकं कधी सुरू झालं?"

मुलानं बायकोकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. "कसं कळणार? आई तेव्हा मौनात होत्या."

त्यांनी मला एका अरुंद यंत्रात सरकवलं. ते ठोके देत होतं. मी त्या ठोक्यांवर नाम लावलं. मग पडद्यावर माझा मेंदू दिसला. घडी घालून ठेवलेल्या शालीसारख्या करड्या वळ्या, आणि डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा.

"इथे थोडा वेळ रक्त पोचलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शब्द जुळवायचं काम इथलंच. बोलणं परत आलं म्हणून काही झालंच नाही, असं नसतं. हा इशारा आहे. पुढचा झटका मोठा असू शकतो."

गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर सून म्हणाली, "मौन बंद करा आता. पुन्हा तसं झालं तर आम्ही आपले व्रत चाललंय म्हणून बसून राहू."

तिचं खरंच होतं. पण मला खात होतं ते वेगळंच. इतकी वर्षं मागितलेली शांतता मिळाली, ती त्या कणीनं दिली होती? मग मी बसत होते ते कोणासमोर?

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मी विचारलंच. "त्या सकाळी मला वाटलं, देव आला. तो हा ठिपका होता का?"

सून खाली बघत राहिली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. नव्या चित्रात ती कणी नव्हती. शोधलं तर पुसट सावली.

"ठिपका होता, हे मी दाखवू शकते. तुम्हाला आत काय भेटलं, ते या यंत्रात येत नाही." मग त्यांनी बोट बाजूला सरकवलं. "पण तुम्ही दोन्ही वेळा एवढंच बघताय. हे बाकीचं बघा की. त्या सकाळीसुद्धा हे सगळं चालूच होतं."

मी बघितलं. वळीवर वळी. मुलाचं पाळण्यातलं नाव इथेच कुठेतरी होतं. दूधही इथेच, गुडघाही, देवाचं नामही. ज्यांना गप्प करा म्हणून मी रोज हात जोडत होते, ते सगळे इथे राहत होते, एका शालीच्या घडीत. माझ्या अंगावर काटा आला. जपाला बसल्यावरही कधी इतकी लहान झाले नव्हते.

आता सकाळी जपाच्या आधी सून दारात उभी राहते.

"हसा. दोन्ही हात वर. आता एक अख्खं वाक्य."

"तुझा भांग वाकडा आहे."

"डोकं शाबूत आहे. बसा."

मध्येच चहा आणते तेव्हा माझ्यापुढे हात धरते, मी तो दाबते आणि पुन्हा हसून दाखवते. मौनात एवढी सूट चालत असावी. मग मी डोळे मिटते. नाम येतं, त्याच्या मागे दूध, पाहुणे, गुडघा. कोणालाच हाकलत नाही. एकेक शब्द येतो, आणि तो आला कुठून, हेच मी हात जोडून बघत राहते.