जमादाराच्या अकरा पत्रावळी

आंधळ्या शालिग्रामचा कुत्रा जमादार त्याला दोरीनं बाजारात नेई, विहिरीवर नेई, आणि वाटेत डबकं लागलं तर आधी स्वतः उतरून खोली मोजून येई. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. बीबी गावाच्या पंचक्रोशीत मला आजवर कोणी खरा मानलेला नाही. पण पुढचं खरं आहे, कारण त्यात माझाही हात खरकटा झालेला आहे.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. बीबीच्या चावडीत डोळ्यांचे डॉक्टर आले होते. मोतीबिंदू पिकलेली माणसं निवडायची, जीपमध्ये घालायची आणि ऑपरेशनला चिखलीला न्यायची. बाराला जीप निघणार. शालिग्राम एकटा जीव. आमच्या वाडीपासून चावडी कोसभर. धुतलेलं धोतर नेसून तो नऊलाच निघाला.

पण दिवस सर्वपित्रीचा होता. घरोघर खीर-वडे. पितरांच्या नावानं कावळ्याला, गाईला, कुत्र्याला पान द्यायचं. त्यात वाडीचा पक्का समज असा, की जमादार म्हणजे आंधळ्याचे डोळे; त्यानं खाल्लेलं पितरांना वरून साफ दिसतं.

पहिली आडवी आली जनकाबाई.

"थांब भाऊ, सासऱ्याच्या नावचं पान हाये."

"मले उशीर होऊन राह्यला, बाई. डॉक्टर बाराले जाते."

"जाते तं जाते! पितराच्या पानावरून कुत्रं वढतं का कोणी?"

शालिग्रामनं दोरी सैल सोडली. पुढं भगवंतराव, पुढं गीताबाई. नववं पान माझं. मी म्हणालो, "माझं जेवण झालं का मीच नेतो बे तुले." शालिग्रामला फक्त जमादाराच्या जिभेचा आवाज ऐकू येत होता.

अकरा पत्रावळी चाटून जमादार गाडरस्त्याच्या मधोमध आडवा झाला.

"ऊठ ना बाप्पा," शालिग्राम म्हणत होता. "ऊठ रे राजा. थोडंच राह्यलं."

बारा वाजून गेले होते; समोरून चिखलीला निघालेल्या जीपचा भोंगा वाजला. डॉक्टर जीपमधून उतरले, त्यांनी तिथंच शालिग्रामच्या पापण्या वर केल्या.

"पूर्ण पिकलाय. सकाळी कुठं होतात?"

"इथंच होतो, साहेब."

"गाडी भरली हो."

"पायापाशी बसतो."

"पायापाशीही तिघं आहेत. पुढच्या वर्षी या."

ड्रायव्हरनं जमादाराला उचलून कडेला ठेवलं. तो घोरतच होता. जीप गेली, धुरळा खाली बसला. आम्ही अकराही घरं धावत पोचलो आणि शालिग्रामची समजूत घालायला तोंडाला येईल ते बोललो. जनकाबाई म्हणाली, "चाल भाऊ, दोन घास खाऊन घे."

"मले घरी जायचं हाये."

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला, चाचपत कुत्र्याशेजारी बसला, दोरी मनगटाला गुंडाळली आणि जमादार कधी उठतो याची वाट पाहू लागला.