ग्रहण पाळलेली आई

सयाजीच्या पत्राला गंगाधरपंतांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्र पंचांगात घालून ठेवलं होतं.

सयाजी हा निवृत्त मास्तर असलेल्या पंतांचा सातारच्या शाळेतला जुना विद्यार्थी. लष्करातून हवालदार होऊन पलूसकडच्या आपल्या गावी परतला होता. त्यानं लिहिलं होतं, "मुलगी झाली. तिचा टाळा फाटका आहे. पाजलेलं दूध नाकातून येतं. माझ्या बायकोनं, शालूनं, ग्रहणात वांगी चिरली म्हणून असं झालं, असं आई म्हणते. हे खरं का? आई तुमचंच ऐकेल."

पंतांनी त्यावर वाचलं होतं. पण आपण काय डॉक्टर? कुणी हसलं तर? शिवाय आणखी एक कारण होतं.

त्या दिवशी सयाजीच्या गावचा आकाराम कचेरीच्या कामाला आला, तो थेट पंतांच्या ओसरीवर.

"गुरुजी, सयाजी रोज टपालाची वाट बघतोय. त्येची आई बनाकाकू म्हणती, मास्तर गप हाय म्हंजी माझंच खरं. सोमवारी शालूला म्हायेरी धाडणार. सयाजीला दुसरी पोरगी बी बघिटलीया."

"मी डॉक्टर नाही रे."

"आवं, म्हातारी डागदराचं ऐकती व्हय? तिला तुमचाच सबूद लागतो."

आकाराम ताक पिऊन गेला. पेला उचलताना अनसूयाबाई म्हणाल्या, "पत्र पंचांगात ठेवलंत? मुहूर्त शोधत होता वाटतं."

पंत ओशाळून हसले. अनसूयाबाई समोर बसल्या.

"मी ग्रहणात काय चिरलं होतं हो?"

पंतांची मान खाली गेली. बत्तीस वर्षांपूर्वी सांगलीला त्यांची पहिली मुलगी अशीच जन्मली होती. अकराव्या दिवशी गेली. अनसूयाबाईंनी वेधापासून मोक्षापर्यंत गवताची काडीसुद्धा मोडली नव्हती. तरी सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "काहीतरी कापलं असणार."

"तुझी चूक नव्हती, हे मला ठाऊक होतं," पंत म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग? ते आईंना सांगायचं होतं."

अनसूयाबाईंनी दौत आणून पंतांच्या पुढ्यात ठेवली. "लिहा आता. मी कागद धरते."

पंतांनी लिहिलं, "टाळा म्हणजे तोंडाचं छत. पोटातल्या बाळाच्या तोंडात तो दोन बाजूंनी वाढत येतो आणि मध्ये जुळतो. कधी जुळायचा राहतो. म्हणून दूध नाकात जातं. पुढं बोलताना हवाही नाकातून जाते, बोल गेंगाणे येतात. विळीचा यात काही संबंध नाही. माझ्या पत्नीनं ग्रहण कडक पाळलं, तरी आमची मुलगी अशीच जन्मली. हे मी तेव्हा बोललो नाही, याची मला लाज वाटते. बाळाला आडवं धरू नका, उभं धरून चमच्यानं थोडं थोडं पाजा. अंग धरलं की मिरजेच्या इस्पितळात न्या, टाळा शिवता येतो. शालूला घरातच ठेवा, या बाळाला आईच वाचवील."

वाचकहो, आपल्या घरातही एखादी शालू असेल. खरं ठाऊक असून आपण गप्प बसलो, तर तिच्या छळात आपलाही वाटा असतो.

पाकिटावर पंतांनी सयाजीचं नाव घातलं नाही. 'श्रीमती बनाबाई यांस' असं ठळक लिहिलं. बनाबाईंना वाचता येत नव्हतं, पोस्टमन ते दारात मोठ्यानं वाचून दाखवणार होता आणि शालूही ऐकणार होती. पत्र सोमवारआधी पोचावं म्हणून दोघं नवराबायको लगेच पोस्टापर्यंत चालत गेली आणि पंतांनी पत्र पेटीत टाकलं.